अपघात झाला? मिटवामिटवीत सहा महिने घालवू नका. भरपाईच्या दाव्याची मुदत काय, कुठं जायचं?

केदारखेडा (ता. भोकरदन) : जालना–भोकरदन रस्त्यावर कापसाच्या आणि उसाच्या दिवसांत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग असते. मागं रिफ्लेक्टर नाही, लाईट नाही. अंधारात दुचाकीवाला येऊन धडकतो. मग दवाखाना, पाहुण्यांची धावपळ, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी पारावर बैठक. "केस कशाला करता? कोर्टाची पायरी शहाण्यानं चढू नये म्हणतात. दवाखान्याचा खर्च आम्ही देतो." दहा-वीस हजार हातावर टेकवले जातात आणि बाकीचे "कापूस विकला की देतो" यावर राहतात.

आमच्या भागातल्या एका घरात हेच झालं. कमावता माणूस वर्षभर अंथरुणाला खिळला. पैसे काही आले नाहीत. घरच्यांनी वकील गाठला तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "अपघाताची तारीख कोणती?" तारीख ऐकून वकिलांनी मान हलवली. मुदत निघून गेली होती. चूक त्या घराची नव्हती, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून ही माहिती.

रस्ता अपघात : सहा महिने

वाहन अपघाताच्या भरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करावा लागतो. आपल्याकडं हे काम जालन्याच्या जिल्हा न्यायालयात चालतं. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात दाव्याला सहा महिन्यांची मुदत होती. 1994 मध्ये ती काढून टाकली. त्यामुळं जुनी माणसं अजून सांगतात, "अपघाताच्या केसला मुदत नसते, चार वर्षांनी पण करता येते." ते तेव्हा खरं होतं. 2019 ला कायद्यात बदल झाला आणि 1 एप्रिल 2022 पासून कलम 166 (3) नुसार सहा महिन्यांची मुदत परत आली.

हे सहा महिने अपघाताच्या दिवसापासून मोजतात. दवाखान्यातून सुट्टी मिळाल्यापासून नाही, आणि माणूस तीन महिने उपचार घेऊन वारला तर मृत्यूच्या तारखेपासूनही नाही. समजा 10 डिसेंबरला अपघात झाला, तर 9 जूनच्या आत दावा दाखल झालेला बरा. आता शेतकऱ्यानं बघावं, जून म्हणजे मृगाची पेरणी. बी-बियाणं, खत, पाऊस या धांदलीत तारीख कधी निघून जाते कळत नाही. त्याआधी मे महिन्यात दिवाणी कोर्टांना उन्हाळी सुट्टी असते. म्हणून वकील मार्च-एप्रिललाच गाठा.

ज्यांचे सहा महिने होऊन गेले त्यांनी काय करावं?

आशा सोडू नका. या मुदतीलाच सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये न्यायालयानं अंतरिम आदेश दिला की, केवळ सहा महिन्यांनंतर आला म्हणून न्यायाधिकरणांनी आणि उच्च न्यायालयांनी दावा फेटाळू नये. पण अंतरिम आदेश म्हणजे अंतिम निकाल नव्हे. ज्यांची मुदत गेली त्यांनी लगेच वकिलांना भेटून आजची स्थिती विचारावी. ज्यांची मुदत बाकी आहे त्यांनी मात्र या आदेशाच्या भरवशावर बसू नये.

अपघात कोल्हापूरला, दावा जालन्याला चालतो

आपल्या भागातली माणसं ऊसतोडीला, कामाला पार पश्चिम महाराष्ट्रात जातात. तिकडं अपघात झाला की घरच्यांना वाटतं, आता तारखेला तिकडं कोण जाणार? तशी गरज नाही. अपघात झाला तिथं, दावा करणारा राहतो तिथं किंवा समोरचा राहतो तिथं, यापैकी कुठंही दावा करता येतो. म्हणजे केदारखेड्याचं कुटुंब जालन्यात दावा करू शकतं.

समोरच्या गाडीचा विमा नसला तरी दावा होतो, तेव्हा जबाबदारी मालकावर येते. गाडी धडक देऊन पळून गेली आणि सापडलीच नाही, तर सरकारची वेगळी योजना आहे. मृत्यू झाल्यास 2 लाख आणि गंभीर दुखापतीला 50 हजार रुपये. त्यासाठी अपघात झाला त्या भागातल्या उपविभागीय अधिकारी किंवा तहसील कार्यालयात अर्जाची चौकशी करावी.

आणखी एक. नव्या नियमांनुसार पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल 48 तासांत न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला द्यायचा असतो. कायद्यानं पोलिसांचा अपघात अहवालही भरपाईचा अर्ज म्हणून धरता येतो. पण "पोलिसांनी पाठवलं असेल" असं म्हणून गप्प राहू नका. पाठवलं का, ते ठाण्यात जाऊन विचारा आणि आपला अर्ज वेगळा द्या.

रस्त्यावरचा अपघात नसेल तर?

प्रत्येक प्रकाराची मुदत वेगळी आहे :

– शेतकऱ्याचा अपघात (विजेचा शॉक, सर्पदंश, विहिरीत पडणं, वीज पडणं, रस्ता अपघात) : गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यूला 2 लाख रुपये मिळतात, एक डोळा किंवा एक हात-पाय गेल्यास 1 लाख. वय 10 ते 75. सातबारा नावावर नसलेल्या घरातल्या एका सदस्यालाही लाभ आहे. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडं 30 दिवसांत. हा दावा नव्हे, सरकारी मदत आहे. पण सगळ्यात आधी संपणारी मुदत हीच.

– बँकेतला 20 रुपयांचा विमा (प्रधानमंत्री सुरक्षा विमा) : पासबुकात दरवर्षी 20 रुपये कापलेले दिसतात का बघा. दिसले तर बँकेत शक्यतो 30 दिवसांत कळवा.

– दुसऱ्याच्या निष्काळजीपणानं मृत्यू (उदा. लोंबकळणारी विजेची तार) : वारसांचा दिवाणी दावा 2 वर्षांत, मृत्यूच्या तारखेपासून.

– अशाच कारणानं माणूस जखमी झाला तर : साधारण 3 वर्षं धरतात. मात्र समोर सरकारी खातं असेल आणि "आम्ही कायद्यानुसार काम करत होतो" असं त्यांनी म्हटलं, तर 1 वर्षाच्या मुदतीचा मुद्दा निघू शकतो. म्हणून वर्षाच्या आतच दावा करा.

– दवाखान्याचा हलगर्जीपणा : पैसे देऊन उपचार घेतले असतील तर ग्राहक आयोगात 2 वर्षांत.

– रेल्वेतून पडून अपघात : रेल्वे दावा न्यायाधिकरणात 1 वर्षात.

ग्राहक आयोगात आणि रेल्वे न्यायाधिकरणात सबळ कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो. दिवाणी दाव्यात तशी माफी नाही, मुदत संपली की दावा संपला. जखमी मूल अज्ञान असेल तर दिवाणी दाव्यात त्याला 18 वर्षं पूर्ण झाल्यावर मुदत धरतात. तरीही मूल मोठं होईपर्यंत साक्षीदार आणि कागद राहत नाहीत, म्हणून पालकांनी आत्ताच दावा केलेला चांगला.

पहिल्या आठवड्यात करायची कामं

1. दवाखान्यात नोंद करतानाच "अपघात झाला" असं सांगा. "घरी पडलो" असं लिहून घेऊ नका. पुढं सगळं यावरच अडतं.
2. पोलिसात फिर्याद द्या आणि प्रत घ्या. पंचनामा, मृत्यू झाला असेल तर शवविच्छेदन अहवाल मागा.
3. जागेचे, गाडीचे, नंबर प्लेटचे फोटो मोबाईलमध्ये काढा.
4. औषधाची प्रत्येक पावती एका पिशवीत ठेवा.
5. कॅलेंडरवर अपघाताच्या तारखेपासून 30 दिवस आणि 6 महिने, या दोन तारखांवर लाल खूण करा.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि वर्षाला 3 लाखांपेक्षा कमी उत्पन्न असणाऱ्यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. भोकरदनच्या कोर्टात तालुका विधी सेवा समितीकडं चौकशी करा किंवा 15100 वर फोन लावा.

मिटवून घ्यायला कुणाची ना नाही. गावात राहायचं तर संबंध ठेवावेच लागतात. पण दावा दाखल करूनही तडजोड होते, लोकअदालतीत रोज होते. दावा हातात असला की समोरचा दिलेला शब्द पाळतो. दावा नसला की कापूस विकला जातो, ऊस कारखान्याला जातो, पण आपले पैसे काही येत नाहीत.