बेबिंकचे थर

नाताळच्या दिवसांत गोव्यातील ख्रिस्ती घरी पाहुणा गेला, की त्याच्यापुढे येणाऱ्या ताटात दोदोल आणि नेवऱ्या यांच्या शेजारी तपकिरी रंगाचा एक पातळ काप हमखास असतो. त्याच्याकडे बाजूने पाहावे. जुन्या पोथीची पाने एकावर एक ठेवावीत, तशा फिकट व गडद रेघा त्यात दिसतात. हा पदार्थ म्हणजे बेबिंक. कोठे तो सात थरांचा करतात, कोठे सोळा थरांचा. हे थर वेगवेगळे भाजून मग एकावर एक रचलेले नसतात बरे का! प्रत्येक थर आधीच्या थराच्या पाठीवर ओतून तेथेच भाजलेला असतो.

साहित्य अगदी मोजके. दहा-बारा अंड्यांचा पिवळा बलक, दोन-तीन नारळांचा दाट रस, साखर, मैदा, तूप आणि थोडे जायफळ. जुन्या गोव्यात सतराव्या शतकात स्थापन झालेल्या सांता मोनिका मठाशी या पदार्थाची एक दंतकथा जोडली जाते. मठातील जोगिणी आपल्या वस्त्रांना खळ देण्यासाठी अंड्यांचा पांढरा बलक वापरीत; मग उरलेल्या पिवळ्या बलकाचे काय करावे, या विचारातून एकीला बेबिंक सुचले म्हणे. कथा खरी असो वा नसो, पिवळ्या बलकाची मिठाई पोर्तुगालच्या मठांतही पुष्कळ होत असे, एवढे मात्र खरे. नारळाचा रस ही गोव्याच्या भूमीची देणगी.

आपण दुकानात पाहतो तो केक फुगलेला असतो, कारण त्याच्या पोटात हवेचे असंख्य बुडबुडे कोंडलेले असतात. बेबिंकमध्ये फुगवणारे काहीच नसते. उष्णता लागली म्हणजे बलक घट्ट होतो आणि मैद्यातील पिष्ट रस शोषून घेते. त्या दोहोंमुळे पातळ मिश्रणाचा मऊ, दाट थर बनतो. नुसता बलक सुमारे ७० अंश सेल्सिअसला घट्ट होतो. पण त्यात साखर आणि नारळाचा रस मिसळला, की त्याहून अधिक उष्णता लागते आणि वेळही लागतो.

आता कृती पाहा. जुन्या पद्धतीत मातीच्या भांड्यात तूप घालून डावभर मिश्रण ओतीत आणि झाकणावर नारळाच्या सोडणांचे निखारे ठेवीत. पहिला थर बसला, की पुढच्या थरांना मुख्य आच वरूनच द्यावयाची. खालून जाळ लावला, तर सोळावा थर होईपर्यंत पहिल्याचा कोळसा होईल! आजच्या विजेच्या भट्टीतही वरचीच तार तापवतात. थर भाजला, की चमचाभर तूप आणि त्यावर पुन्हा डावभर मिश्रण. तुपामुळे थर एकमेकांत मिसळून जात नाहीत. प्रत्येक थराचा पृष्ठभाग आचेने तपकिरी होतो. कापातील गडद रेघ ती हीच.

नवशिक्याची खरी परीक्षा येथेच असते. निखारे प्रखर असले, तर वरचा पापुद्रा झटकन तपकिरी होतो, पण आतले मिश्रण ओलेच राहते. रंग पाहून त्याने पुढचा डाव ओतला, की तो ओला थर झाकला गेला. आच वरून येते आणि वर तर आता दुसरा थर आडवा आला! पुढे कितीही वेळ भाजले, तरी तो कच्चा थर नीट होत नाही. म्हणून जाणत्या बायका रंगावर विसंबत नाहीत. बोटाने हलकेच दाबून पाहतात. बोटाला काही चिकटले नाही, तरच पुढचा डाव. एकेका थराला दहा-पंधरा मिनिटे गेली, तर सोळा थरांना किती वेळ लागेल, याचा हिशेब तुम्हीच करा.

एवढे झाल्यावरही सुरी लगेच चालवायची नाही. गरम असताना तूप पातळ असते आणि थर एकमेकांवरून घसरतात. बेबिंक पूर्ण निवल्यावर भांडे पालथे करतात आणि मगच त्याचे पातळ काप काढतात. २०२३ साली गोव्याच्या बेबिंकला भौगोलिक मानांकन मिळाले. भरपूर साखर आणि तूप असल्यामुळे ते काही दिवस चांगले टिकते. गोव्याबाहेर राहणाऱ्या मुलाबाळांसाठी घरची माणसे ते कागदात गुंडाळून आवर्जून बरोबर देतात.