बाजार बंद, वाट बंद

महामारीत दवाखाने बंद नव्हते, असे सरकार सांगते. कागदावर ते खरे आहे. एप्रिल २०२० मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याने बाळंतपण, कुटुंबनियोजन, गर्भपात या सेवा अत्यावश्यक ठरवल्या होत्या. प्रश्न एवढाच, की झरी-जामणीतल्या एखाद्या कोलाम पोडावरची अविवाहित पोरगी तिथवर पोचणार कशी?

लग्न झालेली बाई आशाताईबरोबर उघड जाते. आशाच्या नोंदवहीत ‘पात्र जोडपी’ असतात. गोळ्या, निरोध त्यांच्यासाठी. पात्रता लग्नाने येते. बिनलग्नाची पोर त्या वहीत नाहीच. ती जाते बाजाराच्या दिवशी. तेल-मिठाच्या पिशवीआड, एस.टी.च्या गर्दीत तिचे दवाखान्यात जाणे झाकून जाते. २५ मार्च २०२० ला देशभर टाळेबंदी लागली, तोवर बाजारही थांबला होता आणि एस.टी.ही. रस्त्यावर एकटी दिसणाऱ्या पोरीला आता नाक्यावरचा पोलीस विचारणार, “कुठं निघालीस?” या प्रश्नाला तिने काय उत्तर द्यावे?

जरा हिशेब मांडू. ३१ मेपर्यंतची टाळेबंदी ६८ दिवसांची, म्हणजे जवळजवळ दहा आठवडे. सुरुवातीला सहा आठवड्यांची गरोदर असलेली मुलगी शेवटी सोळाव्या आठवड्यात गेली. तेव्हाच्या कायद्याने बारा आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरे होते. त्यापुढे दोघांचे लागे. जिथे एक डॉक्टर भेटायची मारामार, तिथे दोन! ही अट सैल झाली सप्टेंबर २०२१ मध्ये.

आश्रमशाळाही बंद पडल्या. दीड-दोन वर्षे त्या धड उघडल्या नाहीत. तिथे सारे आलबेल होते असे मी म्हणणार नाही. पण शाळेतून मिळणारी आठवड्याची लोहाची गोळी होती, विचारायला एखादी बाई होती, आणि मुख्य म्हणजे शिकतेय म्हणून लग्न लांबत होते. आशाताई तर करोनाच्या सर्वेक्षणात जुंपलेल्या. तुटपुंज्या मोबदल्यासाठी जून २०२१ मध्ये त्यांनाच संप करावा लागला.

मुलगी अठराच्या आतली असेल तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने डॉक्टरने पोलिसांना कळवणे बंधनकारक. संरक्षणासाठी केलेल्या या कायद्याच्या भीतीने मुली दवाखाना टाळतात. गर्भपातासाठी आलेल्या अशा मुलीने आणि तिच्या पालकाने विनंती केल्यास तिचे नाव पोलिसांना सांगण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले २९ सप्टेंबर २०२२ ला. तोवर महामारीच्या लाटा ओसरल्या होत्या. या तालुक्याला वर्तमानपत्रांनी ‘कुमारी मातां’चा तालुका म्हणून केव्हाच बदनाम केले आहे. फसवणारे बाहेरचे ठेकेदार, व्यापारी मात्र कुमार पिता ठरत नाहीत.

ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एस.टी. कामगारांचा संप सुरू झाला, तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. कामगारांची बाजू रास्त होती. स्टाफरूममध्ये मी तावातावाने ती मांडत होतो. त्याच वेळी पोडावरच्या पोरीची दवाखान्याची वाट दुसऱ्यांदा तुटली होती, हे माझ्या ध्यानातही आले नाही.