एका उभ्या रेघेचे महत्त्व

ज्ञानकोशकार डॉ. केतकरांनी पुण्यात तडीस नेलेले २३ खंड असोत वा १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया, वाचकाला वाट दाखवावीच लागते. विकिपीडियाच्या पानाकडेची दुव्यांची यादी साध्या मजकुरातून तयार होते. संगणक तो ओळीओळीने वाचतो : आरंभी एक तारांकन म्हणजे मथळा, दोन म्हणजे दुवा. दुव्यात उभ्या रेघेच्या डावीकडे पत्ता, उजवीकडे दिसणारे नाव. उदाहरणार्थ, ‘विकिपीडिया:चावडी|चावडी’. येथे संपादकांच्या चर्चेचे पान उघडते. बाजू उलटल्या, तर संगणक ‘चावडी’ या शीर्षकाचा लेख शोधू लागतो! त्याला आपला हेतू कळत नाही; कळतात त्या केवळ खुणा. म्हणून खूण लिहिणाऱ्यानेच दक्ष राहावे.