कोणी बदललं, आणि का?

१ ऑगस्ट २०१२. न्यूयॉर्कचा शेअरबाजार सकाळी उघडला आणि नाइट कॅपिटल या दलाली कंपनीची यंत्रणा खरेदी-विक्रीच्या ऑर्डरींचा पाऊस पाडू लागली. पाऊण तासात कंपनीचं ४६ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झालं. चौकशीत पुढे आलेलं कारण साधं होतं. नवा कोड आठ सर्व्हरवर चढवायचा होता. तो सातांवर चढला, आठव्यावर राहून गेला. वापरातून केव्हाच बाद झालेला ‘पॉवर पेग’ नावाचा कोड त्या सर्व्हरवर तसाच पडून होता. नव्या कोडमध्ये त्याचाच जुना फ्लॅग पुन्हा वापरलेला असल्यामुळे तो चालू झाला. बाजार उघडण्याआधी यंत्रणेने कर्मचाऱ्यांना ९७ ईमेल पाठवले होते आणि त्यांत पॉवर पेगचा उल्लेखही होता. पण असे ईमेल इशारा म्हणून वाचायची तिथे पद्धत नव्हती, आणि कोड चढवल्यावर दुसऱ्या कोणी तो तपासावा असा लेखी नियमही नव्हता.

टीमने मिळून सॉफ्टवेअर करताना वापरायच्या साधनांचा आढावा इथूनच सुरू करावासा वाटतो. कोडमधला प्रत्येक बदल कोणी केला, का केला, कोणी तपासला आणि तो कुठवर पोचला, या चार प्रश्नांची उत्तरं कुणाच्या डोक्यात न राहता सगळ्यांना दिसतील अशा जागी राहावीत, यासाठीच ही साधनं असतात.

माणसं वाढली की ही गरज झपाट्याने वाढते. आयबीएमच्या ओएस/३६० प्रकल्पाचे प्रमुख राहिलेले फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५च्या आपल्या पुस्तकात याचा हिशेब मांडला आहे. पाच जणांच्या टीममध्ये बोलण्याच्या जोड्या १० होतात, तर पन्नास जणांत १,२२५. इतक्या जोड्यांमध्ये चहाच्या टपरीवरच्या गप्पांतून सगळं सगळ्यांपर्यंत पोचेल, ही आशा व्यर्थ आहे.

पहिलं उत्तर बेल लॅब्समध्ये मिळालं. मार्क रोचकाइंड यांनी १९७२ मध्ये एससीसीएस लिहिलं, ते फाइलच्या आवृत्त्या जपून ठेवण्यासाठी. पुढे वॉल्टर टिची यांचं आरसीएस आलं, मग सीव्हीएस आणि सबव्हर्जन. सुरुवातीच्या साधनांत फाइलला कुलूप लावून काम करायची रीत होती. एकाने फाइल घेतली की बाकीचे खोळंबून बसत, आणि तो सुट्टीवर गेला की काम ठप्प. एप्रिल २००५ मध्ये लिनक्सच्या कर्नलसाठी वापरात असलेल्या बिटकीपरची मोफत सोय बंद झाली आणि लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट लिहायला घेतलं. काही महिन्यांतच त्याची धुरा जुनियो हमानो यांच्याकडे गेली. गिटमध्ये प्रत्येकाकडे पूर्ण इतिहासाची प्रत असते. प्रत्येक कमिटची, म्हणजे नोंदवलेल्या बदलाची, ओळख त्यातल्या मजकुरावरून आणि आधीच्या कमिटवरून ठरते, त्यामुळे मागचा इतिहास गुपचूप बदलता येत नाही.

गिटचा खरा उपयोग बग शोधताना कळतो. ‘बायसेक्ट’ ही सोय इतिहासाचे दर वेळी दोन भाग करत जाते. हजार कमिटमधला बिघडवणारा कमिट दहाएक चाचण्यांत सापडतो. अट एकच, कमिट लहान असले पाहिजेत. आठवड्याचं काम एकाच कमिटमध्ये कोंबलं की बायसेक्ट आपल्याला त्या ढिगाऱ्यापाशी आणून सोडतं आणि पुढची उकराउकर आपल्यालाच करावी लागते.

दुसरी शाखा बगच्या आणि कामांच्या नोंदी ठेवणाऱ्या ट्रॅकरची. नेटस्केपमधून १९९८ मध्ये बगझिला खुलं झालं. सिडनीच्या अ‍ॅटलासियनने २००२ मध्ये जिरा आणलं. २००६ मध्ये रेडमाइन आलं, जे आजही स्वतःच्या सर्व्हरवर मोफत चालवता येतं. यांतलं कोणतं घ्यावं यावर टीम फार वेळ घालवतात. माझ्या मते निवडीपेक्षा मांडणीला जास्त महत्त्व आहे. जिरामध्ये टिकटाच्या, म्हणजे एकेका कामाच्या नोंदीच्या, हव्या तितक्या अवस्था करता येतात, आणि तिथेच घात होतो. व्यवस्थापकाला रिपोर्टमध्ये एक रकाना हवा असतो म्हणून एक अवस्था वाढते, टेस्टिंगवाल्यांसाठी दुसरी, क्लायंटसाठी तिसरी. मग टिकट पुढे सरकवणं हेच एक काम होऊन बसतं, आणि लोक शुक्रवारी संध्याकाळी सगळी टिकटं एकदम सरकवतात. ‘करायचं’, ‘चालू’, ‘तपासणीत’ आणि ‘झालं’ एवढ्या अवस्था बहुतेक टीमना पुरतात. ‘चालू’ या रकान्याला मर्यादा मात्र घालावी. टोयोटाच्या कारखान्यातल्या कानबानमधून आलेली ही शिस्त आहे, आणि हातातलं संपल्याशिवाय नवं उचलू न देण्याइतकी परिणामकारक दुसरी गोष्ट मला दिसलेली नाही.

टिकटांच्या संख्येवरून किंवा स्टोरी पॉइंटवरून अप्रेझल करणं हा सरळ अन्याय आहे. अंदाज बांधण्यासाठी काढलेला आकडा माणूस मोजायला वापरला की अंदाज फुगतात, आणि ज्या नोंदींवर टीमने विसंबायचं त्या खोट्या होऊ लागतात. हिंजवडी असो वा सिडनी, कामाची नोंद काम करणाऱ्यांच्या उपयोगाची नसेल तर ती कोणी मनापासून लिहीत नाही.

नवी टीम पहिल्या दिवशी साधनं लावत असेल तर मी हा क्रम सुचवेन. पासवर्ड आणि किल्ल्या रिपॉझिटरीत जाणार नाहीत याची सोय सर्वांत आधी करा, कारण इतिहासात गेलेली किल्ली नंतर फाइल पुसून जात नाही, ती बदलावीच लागते. मग मुख्य ब्रँच बंदिस्त करा. दुसऱ्या एकाने वाचून होकार दिल्याशिवाय आणि आपोआप चालणाऱ्या चाचण्या पास झाल्याशिवाय तिथे काहीही मर्ज होऊ नये. चाचण्या चालवायला जेनकिन्स घ्या किंवा गिटहब, गिटलॅबमधली सोय घ्या, फरक फारसा नाही. सर्व्हरवर कोड चढवणंही स्क्रिप्टकडेच द्या आणि प्रत्येक सर्व्हरवर तीच आवृत्ती आहे का, हे त्याच स्क्रिप्टला शेवटी तपासू द्या.

बॅकअपबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. ३१ जानेवारी २०१७ला गिटलॅबच्या इंजिनिअरने दुय्यम समजून मुख्य डेटाबेसचीच डिरेक्टरी पुसली. नेहमीचे बॅकअप आवृत्तीच्या घोळामुळे होतच नव्हते, आणि ते फसल्याचे ईमेल पोचत नव्हते. सुमारे सहा तासांपूर्वीचा एक स्नॅपशॉट हाती होता म्हणून निभावलं. दुरुस्तीचं काम कंपनीने सगळ्या जगाला थेट दाखवलं, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. त्या दिवशी कोड सुरक्षित राहिला. गेल्या त्या मधल्या तासांतल्या टिकटांच्या नोंदी आणि टिप्पण्या. म्हणजे ‘काय बदललं’ ते राहिलं आणि ‘का बदललं’ त्याचा काही भाग हरपला. गिटच्या प्रती प्रत्येकाच्या लॅपटॉपवर असतात, चर्चेच्या नसतात. म्हणून ट्रॅकरचा बॅकअप वेगळा घ्यावा, आणि ठरावीक दिवशी तो दुसऱ्या यंत्रावर उतरवून, उघडून पाहावा.

साधनंही कायमची नसतात. मराठी विकिपीडियाच्या तांत्रिक मागण्या ज्या ट्रॅकरवर नोंदवल्या जातात, त्या विकिमीडियाच्या ट्रॅकरचंच पाहा. तिथे २०१४ पर्यंत बगझिला होतं, मग फॅब्रिकेटर आलं. २०२१ मध्ये फॅब्रिकेटरच्या निर्मात्यांनी काम थांबवलं आणि समुदायाने फोर्ज या नावाने ते पुढे नेलं. बगझिला सोडताना विकिमीडियाने एक शहाणपणाची गोष्ट केली होती. जुन्या बगच्या क्रमांकात २००० मिळवले की नवा क्रमांक मिळतो, त्यामुळे जुन्या कमिटमध्ये लिहिलेल्या क्रमांकावरून आजही मूळ चर्चेपर्यंत जाता येतं. सगळ्या टीमना स्थलांतर इतकं नीट साधत नाही. म्हणून कमिटच्या संदेशात टिकटाच्या क्रमांकाशेजारी बदलाचं कारणही एका वाक्यात लिहावं, आणि रिव्ह्यू करणाऱ्याने ते वाक्य नसेल तर होकार देऊ नये.