‘स्वामी’ : वाचकांची आणि इतिहासाची

रणजित देसाई यांची ‘स्वामी’ ही कादंबरी १९६२ साली प्रसिद्ध झाली आणि १९६४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. साठ वर्षे उलटली, तरी ग्रंथालयातील तिची प्रत फळीवर फारशी विसावत नाही. आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील प्रतीची बांधणी दोनदा झाली आहे. पुस्तकाचा कोणता भाग वाचला जातो, हे पानांच्या कडा पाहून कळते. या प्रतीत माधवराव आणि रमाबाई यांच्या प्रसंगांची पाने हाताळून मऊ पडली आहेत; मोहिमांच्या पानांच्या कडा त्या मानाने बऱ्याच स्वच्छ आहेत.

‘स्वामी’ ही थोर कलाकृती आहे की नाही, हा वाद समीक्षकांनी पुष्कळ घातला आहे, त्यात येथे शिरायचे नाही. ती वाचणारे लोक तिच्याविषयी काय म्हणतात, आणि तसे का म्हणत असावेत, एवढेच पाहायचे आहे. त्यासाठी वर्गमित्रांना, प्राध्यापकांना, घरातील व शेजारच्या वडीलधाऱ्यांना विचारले. मते मिळाली ती एकमेकांशी अजिबात न जुळणारी. एकाच पुस्तकाविषयी ही माणसे बोलत आहेत ना, अशी शंका यावी इतकी.

ज्यांनी कादंबरी वाचली नसेल त्यांच्यासाठी इतिहासाचा धागा थोडक्यात सांगतो. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झाले. त्याच वर्षी नानासाहेब पेशवे वारले आणि सोळा वर्षांच्या माधवरावांच्या अंगावर पेशवाईची वस्त्रे आली. चुलते रघुनाथराव राज्यावर डोळा ठेवून होते. १७६२ मध्ये आळेगावी पुतण्याला चुलत्यापुढे नमते घ्यावे लागले. पुढच्याच वर्षी राक्षसभुवनावर निजामाचा पराभव झाला, कर्नाटकात हैदरअलीवर स्वाऱ्या झाल्या, १७६८ मध्ये धोडपला रघुनाथराव हाती लागले व शनिवारवाड्यात नजरकैदेत आले. उत्तरेत मराठ्यांचा दबदबा पुन्हा बसला. हे सारे साधत असताना क्षयाने पोखरलेले माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे वारले. वय सत्तावीस. रमाबाई सती गेल्या. या मृत्यूचा घाव मराठी राज्याला पानिपताहून कमी नव्हता, असा निर्वाळा ग्रँट डफसारख्या इंग्रज इतिहासकारानेही दिला आहे.

एवढ्या घडामोडी असूनही वाचकाला आठवते ते काय? माझ्या आत्याबाईंनी लग्नानंतर तिसऱ्या-चौथ्या वर्षी ‘स्वामी’ वाचली. राक्षसभुवन कुठे आले, हे त्यांना सांगता येणार नाही. पण वाड्यात सासू आहे, चुलतसासरे आहेत, कारभारी आहेत, दासी आहेत, आणि या गर्दीत नवराबायकोला दोन शब्द बोलायला सवड मिळत नाही, हे त्यांना आजही प्रसंगांसकट आठवते. त्यांचे म्हणणे असे, की ही गोष्ट पेशव्यांची नव्हतीच, ती आमच्याच घरातली होती. दिवसाउजेडी नवऱ्याशी बोलणे हा थिल्लरपणा मानला जाई. अशा घरात राहणाऱ्या बाईला, राज्याचा धनी आपल्या बायकोशी आदराने, हळुवारपणे बोलतो, तिचे मन राखतो, हे वाचायला मिळाले. शनिवारवाडा हा या वाचकांच्या दृष्टीने एक मोठे एकत्र कुटुंब होते. माझ्या मते कादंबरीच्या लोकप्रियतेचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. मराठी समीक्षेने त्याची म्हणावी तशी दखल घेतलेली नाही.

‘स्वामी’ या नावातच ही दुहेरी सोय आहे. राज्याचा स्वामी तो, आणि पत्नीचा स्वामीही तोच. इतिहासाचे प्राध्यापक पहिला अर्थ घेऊन पुस्तक उघडतात, आत्याबाई दुसरा घेऊन. दोघांनाही आपापले पुस्तक मिळते.

आमच्या इतिहासाच्या सरांची तक्रार मात्र याच ठिकाणी आहे. पेशवे दप्तरातून गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेले निवडक कागद पंचेचाळीस खंडांत छापले गेले आहेत. त्यांत मोहिमा आहेत, हिशेब आहेत, तहनामे आहेत, घरगुती कुरबुरी आहेत. रमा-माधवाचे हृद्गत मात्र नाही. संवाद, रुसवे, ओढ, हे सर्व कादंबरीकाराचे. सरांचा आक्षेप कादंबरीकाराने कल्पना केली यावर नाही. त्यांचा आक्षेप असा, की वाचक ती कल्पना इतिहास म्हणून घरी नेतो. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत कादंबरीतले संवाद माधवरावांच्या तोंडचे म्हणून लिहिलेले सापडतात, असे ते सांगतात. सरांशी वाद घालावा असे अनेकांना वाटते. पण वर्गातल्या दहाजणांना माधवरावांविषयी विचारून पाहावे. त्यांतील बहुतेकांचे माधवराव देसाईंचेच असतात. काहींचे माधवराव तर त्याच्याही पलीकडचे, १९८० च्या दशकात दूरदर्शनवर आलेल्या ‘स्वामी’ मालिकेतले, म्हणजे रवींद्र मंकणी यांच्या चेहऱ्याचे असतात आणि रमाबाई मृणाल देव यांच्या. आमच्या पिढीने ती मालिका आईवडिलांच्या आठवणींतूनच पाहिली आहे, तरी चेहरे तेच!

सरांच्या म्हणण्यात तथ्य आहेच. पण दुसरी बाजूही आहे. कागद बोलत नाहीत तेथे इतिहासकाराने थांबावे, हा त्याचा धर्म. कादंबरीकाराचे काम तेथूनच सुरू होते. जे घडले ते त्याने बदललेले नाही. न दिसलेले दाखवले आहे. प्रश्न एवढाच, की त्याने भरलेली रिकामी जागा कशी भरली?

हा प्रश्न कादंबरीच्या शेवटाशी फार तीव्र होतो. कादंबरी रमाबाईंच्या सहगमनाशी येऊन संपते. येथे वाचकांत सरळ दोन तट पडतात, आणि ते पिढ्यांचे तट आहेत. वडीलधारी मंडळी सांगतात, की शेवटची पाने वाचताना डोळ्यांना धारा लागल्या. आमच्या वर्गातली एक मैत्रीण सांगते, की शेवटच्या पानांवर तिला इतका संताप आला की तिने पुस्तक मिटले आणि दोन दिवस उघडले नाही. तिचे म्हणणे तिच्याच शब्दांत देत नाही, पण आशय असा : एक तरुण बाई जिवंत जळते, आणि वाचकाने त्यात प्रेमाची परिपूर्ती पाहावी अशी मांडणी लेखक करतो. भाषा मृदू, वातावरण मंगल, म्हणून ज्वाळा दिसत नाहीत.

हे अश्रू काही ‘स्वामी’ने प्रथम आणले नाहीत. त्याच्या शंभर वर्षे आधी, १८६१ साली, विनायक जनार्दन कीर्तने यांनी ‘थोरले माधवराव पेशवे’ हे नाटक लिहिले. त्याच्या प्रयोगात रमाबाई सती निघाल्या की प्रेक्षकांतील सुवासिनी पुढे येऊन त्या पात्राची ओटी भरीत, अशी आठवण मराठी नाट्येतिहासात सांगितली जाते. पात्र करणारा पुरुष, प्रसंग लुटुपुटूचा, आणि सतीबंदीचा कायदा होऊन (१८२९) तीसहून अधिक वर्षे झालेली. तरीही ओटी भरली जाई! कादंबरी वाचून रडणारा १९६२ चा वाचक या परंपरेतलाच म्हणायचा. फरक पडला तो नंतर. १९८७ साली राजस्थानात देवराळा येथे अठरा वर्षांची रूपकंवर चितेवर गेली, देशभर खळबळ उडाली, आणि त्याच वर्षी सतीचे उदात्तीकरण करणे हाही गुन्हा ठरवणारा कायदा केंद्र सरकारने केला. ते वाचून-ऐकून वाढलेल्या वाचकाला रमाबाईंचा शेवट पूर्वीच्या डोळ्यांनी वाचता येणे कठीण आहे.

कादंबरीच्या बाजूने बोलणारे म्हणतात, की सहगमन ही घडलेली गोष्ट आहे. लेखकाने ती गाळायची होती काय? अर्थात नाही. पण जरा पेशवे घराण्याकडेच पाहावे. नानासाहेब वारल्यावर गोपिकाबाई सती गेल्या नाहीत. त्या १७८८ पर्यंत जगल्या, मुलाला राजकारणाचे सल्ले देत राहिल्या. पहिल्या बाजीरावांच्या मागे काशीबाई जगल्या. म्हणजे या घराण्यात सहगमन हा अटळ नियम नव्हता. मग रमाबाईंनीच तसे का केले? मूल नाही, नवरा गेला, वाड्यात भाऊबंदकी धगधगते आहे, आणि पुढच्याच वर्षी, ३० ऑगस्ट १७७३ ला, त्याच वाड्यात नारायणरावांचा खून व्हावा इतके वातावरण विषारी झालेले आहे. अशा घरात निपुत्रिक तरुण विधवेचे पुढले आयुष्य काय असते, हा विचार तिच्या मनात आला असेल की नाही? देसाईंनी या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात दिले आहे : प्रेम. ते उत्तर खरेही असेल. पण दुसरी उत्तरे शक्य होती, आणि ती वाचकाच्या मनातही येऊ नयेत इतक्या कुशलतेने कादंबरी त्याला शेवटाकडे नेते. मैत्रिणीचा संताप मला येथे पटतो. आत्याबाईंचे रडणेही खोटे वाटत नाही. त्यांना पतिपत्नींमधला जो ओलावा हवा होता तो या पुस्तकाने दिला, आणि त्याची किंमत म्हणून शेवटही पदरात घातला. त्यांनी दोन्ही घेतले.

आता एक छोटासा, पण माझ्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा. माधवरावांच्या आजारपणाची पाने आम्हा विद्यार्थ्यांना लांबलेली वाटतात. बुजुर्गांना तशी वाटत नाहीत. १९६२ च्या वाचकाने क्षय घरात पाहिलेला होता. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ चा. त्याआधीच्या काळात ज्याच्या घरी कोणी तरुण माणूस खोकून खोकून गेला, त्या वाचकाला थेऊरचा मुक्काम वेगळ्याच अंगाने भिडत असला पाहिजे. वेगळी भांडी, वेगळी खोली, दुरून विचारपूस, आणि तरीही जवळ बसून राहणारी बायको. पुस्तक तेच राहते, पण वाचकाजवळचा अनुभव जातो आणि पाने लांबलचक होतात.

समीक्षकांविषयी थोडे बोलणे भाग आहे. ‘स्वामी’नंतर एकाच वर्षाने, १९६३ साली, भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ आली. मराठीच्या तासाला या दोन कादंबऱ्या हटकून समोरासमोर उभ्या केल्या जातात. नेमाड्यांनी पुढे मराठी कादंबरीच्या तीन प्रवृत्ती सांगितल्या : ‘यमुनापर्यटन’ (१८५७), ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मोचनगड’ (१८७१) या कादंबऱ्यांच्या नावांनी. पहिली वास्तवाला भिडणारी, दुसरी रंजनाची, तिसरी इतिहासाच्या आश्रयाने जाणारी. ‘स्वामी’ तिसऱ्या घरात बसते, आणि त्या घराविषयी नेमाड्यांचे मत काही प्रेमाचे नाही. वर्तमानाकडे पाठ फिरवून लेखक व वाचक दोघेही वैभवशाली भूतकाळात दडी मारतात, असा या पक्षाचा साधारण आक्षेप.

हा आक्षेप ऐकताना आत्याबाई आठवतात. त्या भूतकाळात दडी मारायला गेल्या होत्या, असे म्हणवत नाही. उलट स्वतःच्या स्वयंपाकघराविषयी बोलायला त्यांना पेशवाई उपयोगी पडली. पण १९६२ च्या एकूण महाराष्ट्राचा विचार केला तर आक्षेपात जोर आहे. १ मे १९६० ला राज्य झाले होते. १९६१ हे पानिपतच्या द्विशताब्दीचे वर्ष, त्र्यं. शं. शेजवलकरांचा ‘पानिपत : १७६१’ त्याच सुमाराचा. पडलेले राज्य पुन्हा उभे करणारा कर्तबगार, करडा, न्यायी तरुण राज्यकर्ता त्या वेळच्या वाचकाला हवाच होता. लाट पुढे वाढत गेली : देसाईंचीच ‘श्रीमान योगी’ १९६८ मध्ये, ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ १९७२ मध्ये, शिवाजी सावंतांची ‘छावा’ १९७९ मध्ये, विश्वास पाटलांची ‘पानिपत’ १९८८ मध्ये. या सर्वांचे गुणदोष वेगळे, तरी वाचनालयांना त्यांनी अनेक वर्षे वर्गणीदार मिळवून दिले, हे कोणत्याही ग्रंथपालाला विचारावे.

भाषेविषयी वाचकांचे फारसे दुमत आढळले नाही. छोटी वाक्ये, दरबारी अदब, ऋतूंची वर्णने. काहींना ती गोड वाटते, काहींना अती गोड. कोवाडसारख्या खेडेगावातला, ‘बारी’सारखी रानातल्या माणसांची कादंबरी लिहिणारा लेखक शनिवारवाड्यात इतक्या सहजतेने वावरतो, याचे कौतुक मात्र आमच्या मराठीच्या बाईंनी आवर्जून केले, आणि तितक्याच आवर्जून ‘बारी’ आधी वाचा असे बजावले. ग्रंथालयात चौकशी केली. ‘बारी’ची प्रत फळीवर होती, तिच्या पानांच्या कडा जवळजवळ कोऱ्या आहेत.

थेऊरला चिंतामणीचे दर्शन घेऊन लोक नदीकडे रमाबाईंच्या वृंदावनापाशी जातात. पुण्याहून ते अंतर पंचवीस किलोमीटरच्या आसपास आहे. यंदा मराठी व इतिहास या दोन्ही विभागांनी मिळून तेथे सहल न्यावी, असे सुचवावेसे वाटते. सर एका बाजूला उभे राहून कागदपत्रे सांगतील, बाई दुसऱ्या बाजूला कादंबरी सांगतील, आणि माझी ती मैत्रीण कोणाच्या बाजूला उभी राहते, ते पाहण्यासारखे असेल.