काठी टेका, पण म्हातारपणासाठी नव्हे!

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आला 1904 मध्ये. तेव्हापासून या 'महाराष्ट्राच्या मँचेस्टर'नं चालणारी माणसं पाहिली आहेत. मागावरचा कामगार शिफ्टभर एका जागी बसत नाही. तुटलेला धागा जोड, कांडी बदल, या मागावरून त्या मागावर... पायाला उसंत नाही. आणि त्याच शहरातली आपली पिढी? सूताच्या पेढीवर, बँकेत, एक्स्पोर्ट ऑफिसात, नाहीतर लॅपटॉपसमोर. दिवसभरात चाललो किती, तर पार्किंगपासून खुर्चीपर्यंत! मान आखडलेली, खांदे जड, पोट पुढे. जिमची वर्षाची फी भरलेली असते, पण जानेवारीनंतर तिकडे फिरकतं कोण?

अशा मंडळींसाठी एक भन्नाट पर्याय आहे. नॉर्डिक वॉकिंग. म्हणजे दोन्ही हातात एकेक काठी घेऊन झपझप चालायचं. बस्स, एवढंच!

स्की विसरलात का?

या प्रकाराचं माहेर फिनलंड. तिथे बर्फावरून स्कीइंग करणं म्हणजे आपल्याकडच्या क्रिकेटसारखं. पण उन्हाळ्यात बर्फ वितळला की खेळाडूंनी सराव कसा करायचा? उत्तर सोपं होतं. पायातल्या स्की काढून ठेवायच्या, हातातल्या काठ्या मात्र तशाच ठेवायच्या आणि चालायचं, पळायचं, चढ चढायचे. 1930च्या दशकापासून तिथले स्कीपटू असा सराव करत आले. 1966 मध्ये लीना यास्केलाइनेन या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिकेनं आपल्या विद्यार्थिनींना काठ्या घेऊन चालायला शिकवलं. 1979 मध्ये माउरी रेपो या प्रशिक्षकानं स्कीइंगच्या प्रशिक्षणावर लिहिताना या सरावाची मांडणी केली. तरीही सामान्य माणसाला हे जरा विचित्रच वाटायचं. बिनबर्फाच्या रस्त्यावर काठ्या घेऊन निघालेल्याला 'काय हो, स्की घरी विसरलात का?' अशी कोपरखळी बसायचीच.

चित्र बदललं 1997 मध्ये. मार्को कांतानेवा यानं या चालण्याची पद्धत लेखातून सोपी करून सांगितली. त्याच सुमारास एक्सेल या फिनिश कंपनीनं खास चालण्यासाठीच्या काठ्या बाजारात आणल्या. 2000 मध्ये आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि काठ्यांची टकटक जर्मनी, ऑस्ट्रियापर्यंत पोचली. खेळाडूंचा ऑफ-सीझनचा जुगाड सगळ्यांचा व्यायाम झाला!

टेकायचं नाही, ढकलायचं!

खरी गंमत इथेच आहे. आजोबांची काठी पुढे टेकते आणि वजन पेलते. ट्रेकिंगचा पोलही बहुतेक वेळा पुढेच रोवला जातो. नॉर्डिक वॉकिंगमध्ये काठी तिरकी, टोक मागे. उजवा पाय पुढे तेव्हा डावी काठी जमिनीला. मग त्या काठीनं जमीन मागे ढकलायची आणि शरीर पुढे न्यायचं. हात कंबरेच्या मागे गेला की मूठ सैल सोडायची. काठी पडत नाही, कारण ती हातमोज्यासारख्या पट्ट्यानं पंजाला बांधलेली असते. म्हणून घरातला बांबू इथे चालत नाही.

या ढकलण्यामुळे दंड, खांदे, पाठ, पोट असे एरवी चालताना आराम करणारे स्नायू कामाला लागतात. अमेरिकेतल्या कूपर इन्स्टिट्यूटनं 2002 मध्ये 22 जणांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. साध्या चालण्यापेक्षा काठ्यांसह चालताना सरासरी 20 टक्के जास्त कॅलरी खर्च झाल्या. आणि दमल्यासारखं वाटणं? त्यात फारसा फरक नव्हता! म्हणजे मेहनत जास्त, जाणीव कमी. आळशी मंडळींना याहून चांगली बातमी कोणती?

मात्र 'गुडघेदुखी गायब' असं कुणी सांगितलं तर लगेच भुलू नका. गुडघ्यावरचा भार खरंच किती कमी होतो, याबद्दल संशोधकांचं एकमत नाही. दुखणं जुनं असेल तर आधी डॉक्टर, मग काठी.

आपल्याला काठीचं वावडं नाही

तसं पाहिलं तर काठी आपल्या मातीतलीच आहे. मेंढरांमागे मैलोनमैल चालणारा धनगर काठीशिवाय दिसतो का? जुलैच्या पावसात पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेला जाणारे आपले मित्रही चिखलात काठीच शोधतात. तिथे कुणी हसत नाही. पण तीच काठी गावातल्या डांबरी रस्त्यावर आली की प्रश्न सुरू. 'काय रे, पाय मोडला का?' पंचविशीतल्या पोरीनं काठ्या घेतल्या तर विचारायलाच नको!

जिमचं दार बंद असतं, आत कोण घाम गाळतंय ते बाहेर दिसत नाही. रस्त्यावर मात्र अख्खं गाव प्रेक्षक असतं. आपल्यापैकी अनेकांचा व्यायाम अडतो तो वेळेवर किंवा पैशांवर नाही, या प्रेक्षकांवर. फिनलंडमधल्या लोकांनीही टोमणे ऐकलेच होते. ते चालत राहिले, एवढंच.

सुरू करताय? मग हे लक्षात ठेवा

• काठीची लांबी : सेंटिमीटरमधल्या उंचीला 0.68 नं गुणा. उंची 170 असेल तर साधारण 115.
• डांबरी रस्त्यावर टोकाला रबरी बूट हवेतच. नाहीतर काठी घसरते.
• पहिली दहा मिनिटं काठ्या नुसत्या मागे फरफटत न्या. हात सैल सोडा. उजवा-डावा मेळ आपोआप जमतो. विचार करायला लागलात की उजवा हात, उजवा पाय एकदमच निघतात!
• सुरुवातीला 20 मिनिटं, आठवड्यातून तीनदा पुरे.
• वेळ पहाटेची. पंचगंगेच्या घाटाकडचा रस्ता तेव्हा मोकळा असतो, ऊनही नसतं.
• शक्यतो मैत्रीण किंवा मित्र सोबत घ्या. चार काठ्या दिसल्या की बघणारे हसण्याआधी 'हे काय नवीन?' असं विचारतात. तेव्हा थांबा, आणि एक काठी त्यांच्या हातात देऊन बघा!