पखवाजापासून मिक्सरपर्यंत

गोदातीरावरील नाशिक हे तीर्थक्षेत्र म्हणून साऱ्या भारतास ठाऊक आहेच. परंतु केरळात आणि कर्नाटकाच्या किनारपट्टीत उत्सवांच्या मिरवणुकांतून ‘नाशिक ढोल’ वा ‘नाशिक बँड’ या नावाने जो गजर चालतो, त्यामुळे ज्यांनी हे शहर कधी डोळ्यांनी पाहिले नाही अशा असंख्य लोकांना ते कानांनी परिचित झाले आहे. या ढोलपथकांवर एकेकाळी पुरुषांचाच अंमल होता. आज मुली कमरेला ढोल बांधून भर उन्हात तासन् तास वाजवतात आणि त्याचे कोणास नवल वाटत नाही. मात्र त्यांतीलच एखादीने उद्या ढोल उतरवून डीजेच्या मेजामागे उभे राहण्याचा मनोदय जाहीर केला, तर घरातील वडीलधाऱ्यांच्या कपाळावर तत्काळ आठी उमटते. ती आठी काही अंशी सकारण आहे. पण बऱ्याच अंशी ती गैरसमजाची आहे, आणि त्या गैरसमजाचा निकाल आधी लावणे उचित होईल.

विसर्जनाच्या मिरवणुकीत ट्रॅक्टरवर रचलेली कर्ण्यांची भिंत, खिडक्यांच्या काचा थरथरवणारा तिचा आघात आणि त्यामागे कंटाळलेल्या मुद्रेने उभा असलेला तरुण, एवढेच चित्र आपल्या मनात घट्ट बसलेले असते. तेथे यंत्र मोठे आणि मनुष्य लहान असतो. इलेक्ट्रॉनिक संगीताच्या मैफलीत हे प्रमाण नेमके उलटे असते. डीजेपुढे दोन वादनयंत्रे आणि मध्ये मिक्सर असतो. श्रोते एका यंत्रावरील ट्रॅकवर नाचत असताना ती एका कानाला हेडफोन लावून दुसरा, अद्याप कोणासही न ऐकू येणारा ट्रॅक ऐकत असते. हाउस या प्रकारात मिनिटाला साधारण १२० ते १२८ ठोके पडतात, टेक्नो बहुधा त्याहून जलद धावते, तर ड्रम अँड बेस १७० च्या पलीकडे जाते. तेव्हा दोन्ही ट्रॅकांची गती तंतोतंत जुळविणे हे पहिले कर्तव्य. टेक्निक्स एसएल-१२०० या प्रसिद्ध तबकडीयंत्राच्या १९७९ सालच्या सुधारित आवृत्तीवर गती आठ टक्क्यांपर्यंत कमीजास्त करणारी पट्टी होती आणि तिच्यावर बोट ठेवून कानाने गती जुळविण्यातच जुन्या डीजेंची निम्मी उमेदवारी खर्च होई.

आजची यंत्रे हे काम एका बटणावर करून देतात. म्हणून ‘आता त्यात कसब ते काय उरले?’ असा प्रश्न विचारणारे पुष्कळ भेटतात. परंतु गती जुळली तरी सम जुळावी लागतेच. हे संगीत बहुधा चारचार ठोक्यांच्या आठ आवर्तनांनी, म्हणजे बत्तीस ठोक्यांच्या बांधणीने पुढे सरकते. नवा ट्रॅक या बांधणीच्या मध्येच घुसविला, तर अडाणी श्रोत्याचेही पाऊल अडखळते. शिवाय दोन ट्रॅकांचे खर्जाचे स्वर एकत्र वाजले की सारे गढूळ होते. म्हणून एकाचा बेस उतरवून त्याच क्षणी दुसऱ्याचा चढवावा लागतो. आणि हे सारे साधूनही, समोरचा समुदाय थकला आहे की अधिक मागत आहे हे ओळखून पुढची रचना निवडण्याचे जे तारतम्य, ते कोणत्याच यंत्रात भरलेले नसते. तबल्याच्या साथीदारास आपण याच तारतम्यासाठी दाद देतो.

या क्षेत्रात स्त्री ही नवागत आहे, ही समजूतही इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर हे इलेक्ट्रॉनिक वाद्य बसवून जे ध्वनिमंदिर उभारले, तेथे रचना करणाऱ्या मोजक्या भारतीयांत गीता साराभाई होत्या. बी. आर. देवधर, श्रीकृष्ण रातंजनकर, गोविंदराव बऱ्हाणपूरकर अशा गुरूंकडे त्या शिकल्या होत्या. पखवाज हाती घेणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांत त्यांची गणना होते. आणि १९४६ साली न्यूयॉर्क येथे अमेरिकन संगीतकार जॉन केज यांना भारतीय संगीत शिकवून त्यांनी त्या बदल्यात पाश्चात्त्य रचनाशास्त्र आत्मसात केले होते. अहमदाबादच्या त्या ध्वनिफिती दप्तरात दीर्घकाळ पडून होत्या. त्या संकलित होऊन प्रसिद्ध झाल्या, त्या २०२३ मध्ये. पखवाजावर थाप देणारा हात मूगच्या कळांवर गेला, यात मला तरी कसलीच विसंगती दिसत नाही. ढोलावरून मिक्सरकडे जाणाऱ्या मुलीची वाट तीच आहे.

अलीकडच्या काळात पुण्यात राहून देशभर वाजविणाऱ्या मा फैझा आणि ‘सँड्यून्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मुंबईच्या सनाया अर्देशीर ही दोन नावे सांगता येतील. त्यांपैकी सनाया अर्देशीर स्वतःच्या रचनाही करतात. ‘द ग्राउंड बिनीथ हर’ हा त्यांचा संग्रह २०२२ साली निघाला. उदयोन्मुख डीजेने यातून घ्यावयाचा बोध व्यावहारिक आहे : स्वतःची रचना असली म्हणजे निमंत्रण देणाऱ्यास केवळ नाव आणि छायाचित्र पाहून निवड करण्याची सबब उरत नाही.

आता सकारण आठीकडे वळू. संगणकाला जोडून वाजवावयाचा साधा कंट्रोलर तुलनेने स्वस्तात येतो. परंतु मोठ्या मंचावरील एकेका वादनयंत्राची किंमत त्याच्या कित्येक पट असते, आणि ज्या यंत्रावर कधी सराव नाही त्यावर ऐनवेळी उभे राहावे लागते. त्याहून कठीण प्रश्न वेळेचा. हा व्यवसाय रात्रीचा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने स्त्रीस रात्री साडेनऊनंतर काम करण्याची मुभा तिच्या संमतीने व मालकाने संरक्षणाची तजवीज करण्याच्या अटीवर दिली आहे. पण एका रात्रीपुरती आलेली कलावंत ही कोणाची नोकर नसते, म्हणून परतीचे वाहन, सोबत आणि मुक्काम या गोष्टी तिने करारात लेखी मागून घेतल्याच पाहिजेत. त्यात संकोच कसला?

गंमत अशी की, नाशिकला या बाबतीत एक अनुकूलता आपसूक लाभली आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार, सवलतीचे मोजके दिवस वगळता, उघड्यावरील ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करावे लागतात. त्यामुळे २००८ पासून गंगापूर परिसरातील सुला द्राक्षमळ्यात जो संगीतमहोत्सव भरू लागला, त्यासारख्या उघड्यावरील कार्यक्रमांना रात्री दहाच्या आतच रंगात यावे लागते. जो नियम व्यवसायास जाचक म्हणून दूषणे खातो, तोच नवख्या मुलीस सुरक्षित वेळ मिळवून देतो.

तेव्हा नाशिककरांना, आणि विशेषतः महानगरपालिकेला, एक विनंती करावीशी वाटते. पालिकेच्या कालिदास कलामंदिर या नाट्यगृहाची एखादी रविवारची दुपार, भाड्याचा आग्रह न धरता, अशा नवोदित मुलींना द्यावी. मंचावर चांगली यंत्रे असावीत, आवाज मर्यादेत असावा, आणि पहिल्या रांगेत त्यांचे आईवडील असावेत.